नवसाची शिस्त, रक्ताचा रिपोर्ट

धनत्रयोदशीच्या सुमाराला तळोद्याच्या बाजूने तरुणांचे जथेच्या जथे सातपुड्यात शिरतात. जायचं असतं अस्तंब्याला, चार हजार फुटांहून उंच शिखरावर, अश्वत्थाम्याच्या दर्शनाला. वाट चढणीची, निसरड्या दगडांची. रात्री थंडी झोंबते. वर ज्याला भेटायचं तो देव कोण, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. बहुतेक यात्रा देवाच्या पराक्रमाच्या असतात. इथला देव कपाळावरची न भरणारी जखम घेऊन रानोमाळ हिंडणारा आहे. वाटसरू भेटला की तो जखमेवर घालायला तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं शूलपाणीच्या झाडीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. मरण नाही आणि बरं होणंही नाही. तरीही दुसऱ्याच्या उपयोगी पडणं सुटत नाही.

ज्या जिल्ह्यात अशा देवाची यात्रा भरते, त्याच जिल्ह्यातल्या अनेक घरांत न भरून येणारं एक दुखणं रक्तातून पुढे सरकत असतं. नंदुरबारच्या पाड्यांवर त्याला कुणी ‘हाडं दुखण्याचा आजार’ म्हणतं, कुणी नुसतंच ‘सिकल’. आरोग्यसेवक आणि आशाताई ‘एसएस पॅटर्न’, ‘एएस पॅटर्न’ असं बोलतात आणि एव्हाना हे शब्द घरातल्या म्हातारीच्याही तोंडी बसले आहेत.

1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेप्रमाणे दर दहांतले जवळपास सात जण आदिवासी: भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, तडवी. महाराष्ट्रातल्या आदिवासींमधल्या सिकलसेलचा माग ज्यांनी अनेक वर्षं काढला, त्या पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी 2001 च्या आपल्या लेखात राज्यातल्या आदिवासींमध्ये वाहकांचं प्रमाण सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास दिलं होतं. पण भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत ते 20 ते 35 टक्क्यांपर्यंत जातं, असंही त्यांनी नोंदवलं. म्हणजे अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या लग्नाच्या मांडवात शंभर पावरे बसले असतील तर त्यांतले वीसेक जण तरी हा वारसा अंगात घेऊन बसलेले असू शकतात. त्यातल्या बहुतेकांना त्याचा काहीही त्रास नसतो आणि कित्येकांना तो ठाऊकही नसतो.

आजाराचं गणित एकदा नीट मांडायला हवं, कारण अर्धी भीती गणित न कळल्याची आहे. हिमोग्लोबिन कसं बनवायचं याची सूचना प्रत्येकाला दोन ठिकाणांहून मिळते, एक आईकडून आणि एक बापाकडून. त्यातली एकच बिघडलेली असेल तर माणूस वाहक, म्हणजे एएस. तो शेती करतो, कुस्ती खेळतो, म्हातारा होतो. दोन्ही बिघडलेल्या असतील तर रुग्ण, म्हणजे एसएस. मग ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी आटलं, ताप आला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी 120 दिवसांच्या आसपास टिकते; वाकणारी पेशी दहा-वीस दिवसांत संपते. म्हणून अंगात रक्त कायम कमी, डोळे पिवळे.

आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक बाळंतपणात, हे महत्त्वाचं. पहिलं मूल रुग्ण निघालं म्हणून पुढच्या तिघांची सुटका झाली, असं होत नाही. एक जण रुग्ण आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर एकही मूल रुग्ण होत नाही, पण सगळी मुलं वाहक होतात. आणि एक रुग्ण, दुसरा वाहक असेल तर शक्यता निम्मी.

आता ज्याचा बाप किंवा आई एसएस आहे अशा मुलाच्या जागी उभं राहून पाहावं. सगळ्यांत आधी त्याच्या मनात येतं ते ‘मलाही होणार का?’ उतारवयात अचानक उगवणारे काही आनुवंशिक आजार असतात, त्यांच्या घरातली मुलं या प्रश्नाखाली आयुष्य काढतात. सिकलसेलची तऱ्हा वेगळी. तो बहुधा लहानपणीच तोंड दाखवतो. आई-बापांपैकी एक रुग्ण आणि मुलगा वीस वर्षांचा होऊन ठणठणीत, तर तो बहुतेक करून वाहक आहे, एवढं चाचणीआधीच सांगता येतं. ‘बहुतेक करून’ म्हणायचं कारण असं की भारतात आढळणाऱ्या प्रकारात अर्भकावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहतं, त्यामुळे काहींचा आजार सौम्य राहतो आणि मोठेपणीच उघडकीला येतो. तेव्हा चाचणी हवीच. पण त्या मुलाने भगताच्या दाण्यांत स्वतःचं भविष्य शोधत बसावं, अशी ही गोष्ट नाही.

तरीही तो भगताकडे किंवा बडव्याकडे जातो, त्याचे आई-बाप तर आधीच जाऊन आलेले असतात. यावर शहरात बसून नाकं मुरडणं सोपं आहे. मोलगी-धडगावच्या आतल्या पाड्यांवरून कळा येणारा माणूस बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावा लागतो, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून वारंवार येत राहिल्या आहेत. नर्मदेच्या काठच्या गावांसाठी तर तरंगता दवाखाना चालवावा लागला. जिथे डॉक्टरपर्यंत पोचायलाच अर्धा दिवस मोडतो, तिथे रात्री दोन वाजता शेजारी येऊन बसतो तो बडवाच. तो आजार बरा करत नाही, पण एकटं पडू देत नाही.

आणि ही एकटं न पडू देण्याची गोष्ट फुकाची नव्हे. अमेरिकेतल्या 50 सिकलसेल रुग्णांचा एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा चर्चमध्ये जाणाऱ्यांच्या वेदनेची मोजणी सगळ्यांत कमी भरली. घरी एकट्याने केलेली प्रार्थना किंवा धर्मग्रंथांचं वाचन यांचा मात्र वेदनेशी तसा संबंध दिसला नाही. अभ्यास छोटा आहे, आणि कुणीही खवचटपणे विचारू शकतो की ज्यांचं दुखणं कमी तेच उठून चर्चपर्यंत जाऊ शकत असतील. खरंच आहे. तरीपण श्रद्धेतला कामाचा भाग चार माणसांत जाऊन बसण्याचा असू शकतो, ही शंका सातपुड्यात कुणालाही पटेल. इथली श्रद्धा मुळात एकट्याने करायची नाहीच. पावरांची इंदल पूजा घ्या. घरात आजारपण आलं, संकट आलं की इंदलची मानता घेतात. मग कळंबाच्या फांद्या आणून रोवायच्या, रात्रभर ढोल, गाणी, आणि नातेवाईकांसकट सारं गाव त्या अंगणात. दुखणाऱ्याच्या घरी अख्खं गाव एक रात्र जागतं.

याहून कामाची गोष्ट म्हणजे पालनी. काठीच्या राजवाडी होळीला बाहेरची माणसं कॅमेरे घेऊन येतात ती मोरपिसांचे टोप, कमरेचे भोपळे आणि घुंगरं टिपायला. बावा, बुध्या, मोरखी झालेल्या त्या माणसांनी त्याआधी काही दिवस पालनी पाळलेली असते, हे फोटोत येत नाही. दारू नाही, मांस नाही, खाटेवर झोपायचं नाही, पायात वहाण नाही, ब्रह्मचर्य. घरातल्या कुणाचं तरी बरं व्हावं म्हणून नवस बोललेला असतो, तो असा अंगावर घेऊन फेडायचा. कुणी पहारा ठेवत नाही, तरी नियम मोडत नाहीत.

आता सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर काय सांगतात ते बघा. दिवसभर पाणी पीत राहा. थंडीत अंग झाका, दारू टाळा, अंगाबाहेर कष्ट करू नका. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज, आणि डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिली असेल तर तीही रोज, दुखत नसतानासुद्धा. ताप आला की वाट न पाहता दवाखाना. हीसुद्धा पालनीच आहे, फक्त ती होळीला संपत नाही. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिलं की हायड्रॉक्सियुरियाने कळांचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात. गोळी फार महागही नाही. अडतं ते रोज घेण्यापाशी. बरं वाटायला लागलं की गोळी सुटते, हा जगभरचा अनुभव आहे. ज्या समाजाला देवासाठी नियम पाळण्याची इतकी सवय आहे त्याच्याशी आरोग्य खात्याने नियमाच्या भाषेत बोलायला काय हरकत असावी? पत्रकावर ‘औषधोपचारात सातत्य ठेवा’ छापण्यापेक्षा ‘बापाच्या नावाने पाण्याची आणि गोळीची पालनी धर’ हे धडगावच्या पोराला लवकर कळेल.

अर्थात श्रद्धेच्या भाषेत बोलायचं म्हणजे श्रद्धेने सांगितलेलं सगळं मान्य करायचं असं नव्हे. उलट काही ठिकाणी आरोग्य खात्यालाच आवाज चढवावा लागेल. पालनी आणि सिकलसेल यांची थेट टक्करही होते. एसएस असलेल्या मुलाने बापासाठी नवस बोलला आणि रात्रभर थंडीत उघड्या अंगाने, पाण्याशिवाय नाचला, तर पहाटे त्यालाच उचलून न्यावं लागेल. अस्तंब्याच्या चढणीचंही तेच. अशा वेळी देवाचं करायला घरातलं दुसरं कुणी जावं, हा तोडगा बडवाच सांगू शकतो आणि त्याचं ऐकलंही जाईल. मेळघाटात आरोग्य विभागाने भूमकांना, म्हणजे तिथल्या भगतांना, रुग्ण दवाखान्यात पाठवण्यासाठी मोबदला देऊन पाहिला आहे. सातपुड्यात बडव्याला सिकलसेलची लक्षणं शिकवण्यात कमीपणा कसला?

टक्कर याहून विखारी होते ती डाकिणीच्या संशयापाशी. घरात एकापाठोपाठ एक मुलं आजारी पडतात, एखादं दगावतं, आणि बोट वळतं एखाद्या बाईकडे. कधी विधवा चुलतीकडे, कधी सुनेकडेच. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा ठरवला, पण कायदा येतो तो घटना घडून गेल्यावर. त्याआधी जे सांगायला हवं ते एका वाक्यात सांगता येतं: रुग्ण मूल जन्माला यायला आई आणि बाप दोघांकडूनही दोष यावा लागतो. एकट्या सुनेला दोष देणं हे गणितातच बसत नाही. हे वाक्य सासऱ्याने ऐकलं पाहिजे, पोलिस पाटलाने ऐकलं पाहिजे, आणि बडव्याने तर पाठच केलं पाहिजे.

देवाचा कोप, मागच्या पिढीचं पाप, या समजुतींना उत्तर विज्ञानाकडे आहे आणि ते कोरडं नाही. 1952 मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये हा दोष आढळल्याचं लेहमन आणि कटबुश यांनी नोंदवलं. दोन वर्षांनी अँथनी अ‍ॅलिसन या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेतल्या पाहणीतून दाखवलं की वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. हिवतापाच्या रानांत ज्यांच्या अंगात ही एक बिघडलेली सूचना होती ती लेकरं जगली, त्यांचा वंश वाढला. सातपुड्यातला पूर्वज या रक्तामुळे वाचला म्हणून आजचा नातू आहे. त्या वाचण्याची किंमत काही नातवंडं कळा सोसून मोजतात. पूर्वजांना नैवेद्य दाखवणाऱ्या घरात ही गोष्ट ऐकवली तर लाजेचं ओझं पुष्कळ उतरेल.

लाज उतरली तर माणूस काय करू शकतो याचा पहिला दाखला या आजाराच्या वैद्यकीय इतिहासातल्या पहिल्याच रुग्णाचा आहे. वॉल्टर क्लेमंट नोएल ग्रेनाडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यक शिकायला आला. त्याच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन 1910 मध्ये जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केलं. पुस्तकांत नाव राहिलं हेरिक यांचं. नोएलने मात्र आजारपणातून उठत-पडत शिक्षण पुरं केलं, मायदेशी जाऊन दवाखाना थाटला आणि 1916 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, न्यूमोनियाने जाईपर्यंत लोकांचे दात पाहिले. तेव्हा ना प्रतिजैविकं होती ना लस. आज न्यूमोकोकलची लस सरकारी लसीकरणात आहे.

घानाचे डॉ. फेलिक्स कोनोटे-अहुलू यांचे आई-बाप दोघे वाहक, काही भावंडं रुग्ण. त्यांनी आयुष्य या आजाराला दिलंच, शिवाय घराण्याच्या तोंडी इतिहासातून त्याचा माग थेट 1670 पर्यंत नेला. आणि आपल्याकडे नागपूरचे संपत रामटेके. घरात मुलाला सिकलसेल निघाल्यावर त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, विदर्भात हा आजार लोकांच्या बोलण्यात आणला. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा माणसांना श्रद्धा होती की नव्हती, हे शोधत बसायचं कारण नाही. घरातल्या दुखण्याने त्यांना दिशा दिली, इतकं पुरे.

नंदुरबारला यासाठी नागपूरकडेही बघावं लागणार नाही. तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात आप पंथाची चळवळ उभी केली, तेव्हा हजारो भिल्लांनी दारू सोडली, रोज आंघोळ धरली, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्यायला सुरुवात केली. सरकारी परिपत्रक निघालं नव्हतं की अनुदान मिळत नव्हतं. श्रद्धेच्या जोरावर रोजच्या सवयी बदलतात, याचा पुरावा याच मातीत आहे. आजही आपपंथीय भजनी मंडळं आहेत, देवमोगरा मातेची यात्रा आहे, भोंगऱ्या बाजार आहे. लग्न ठरायच्या आधी रक्त तपासून घ्यावं हे तिथून सांगितलं गेलं, तर त्याचं वजन सरकारी फलकाहून शंभरपट असेल.

पण काय सांगायचं, तेही सांभाळून ठरवायला हवं. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 17 राज्यांत चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. वर-वधूची सिकलसेल तपासणीची कार्डं जुळवून पाहा, असा तिचा सल्ला असतो. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. मात्र जिथे पाचांतला एक वाहक आहे तिथे ‘वाहकाने वाहकाशी लग्न करू नये’ एवढंच ठणकावलं की मुली कार्ड लपवतात आणि आई-बाप तपासणीच टाळतात. रिपोर्टचा अर्थ समजावणारं माणूस रिपोर्टसोबतच घरी गेलं पाहिजे. दोन वाहकांनी लग्न केलंच, तर गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होऊ शकते, हेही त्यांना माहीत हवं. ही सोय मुंबईसारख्या ठिकाणी आहे आणि धडगावची बाई तिथे कशी पोचणार, हा प्रश्न मोहिमेच्या तक्त्यात दिसत नाही. 2023 च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत एका रुग्णाची किंमत 22 लाख डॉलर. धडगावला त्याचा आज उपयोग शून्य.

आज उपयोग आहे तो साध्या गोष्टींचा. दिवाळी झाली की जिल्ह्यातून हजारो जोडपी कोयता घेऊन गुजरातच्या उसात उतरतात. पहाटेची थंडी, दुपारचं ऊन, पाणी कमी, काम अंगमोडीचं: कळा उठवायला लागतं ते सगळं तिथे हजर. बाप रुग्ण असेल तर उचल फेडायला शाळा सोडून पोरगा कोयता धरतो आणि घरातला एकमेव शिकणारा गळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. एसएस रुग्णाला एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे. पण प्रमाणपत्र काढायला जिल्ह्याच्या गावी खेटे घालायचे आणि चाळीस टक्क्यांची अट पार करायची. कळा नसतील त्या दिवशी तपासणीला गेलेला रुग्ण डॉक्टरला धडधाकटच दिसतो.

राज्यातल्या पेसा कायद्याखालच्या गावांना आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा 2015 पासून थेट मिळतो, आणि तो आरोग्यावरही खर्च करता येतो. गावातल्या प्रत्येक एसएस रुग्णाच्या घरातली मुलं दहावीच्या आत तपासून घेणं, हंगामाला निघणाऱ्याच्या पिशवीत सहा महिन्यांच्या गोळ्या आणि कार्ड आहे का ते पाहणं, गरोदर वाहक बाईला मुंबईपर्यंत नेऊन आणायचं गाडीभाडं देणं, एवढे तीन ठराव अक्राणीच्या कुठल्याही ग्रामसभेला पुढच्या बैठकीत करता येतील. बैठकीला आशाताई तर असतेच. बडव्यालाही बोलवावं, आणि पालनीची गोष्ट त्यालाच सांगू द्यावी.